तळटीप

ऑफिसचा पंखा तिसऱ्या नंबरावर अडकलाय,
त्याखाली बसून मी तळं पुसते.
म्हणजे तळं आहे जागेवर,
रंकाळ्याच्या पलीकडं, उसाच्या कडेला, केवढंसं.
मी फक्त त्याच्या पानावरनं एक वाक्य पुसते :
‘येथे परीट समाज धुणी धूत असे.’

इंगवले साहेब सकाळीच म्हणाले,
धुणं वाचून कोण गाडी काढतंय पुण्याहनं?
तिथं लिही निसर्गरम्य.
लिही शाही जलविहाराची परंपरा.
आणि खाली तांबडा-पांढरा घाल.
म्हटलं, साहेब, तळ्याच्या पानावर रस्सा?
म्हणाले, कोल्हापुरात रस्स्याबिगर पान वाढतात का कुठं?

मुक्त ज्ञानकोश आहे तो.
कुणीही यावं, कुणीही लिहावं.
मी ती कुणीही,
अकरा महिन्यांच्या करारावर.

तिकडं एक पाणकावळा आहे.
नाव तेवढंच. रिटायर असावा,
पहाटे साडेचारला उठतो,
माझं निसर्गरम्य चोचीत उचलतो
आणि कारण देतो : विशेषण. संदर्भ हवा.
दहाला मी अंगठा लावते, परत घालते.
चार दिवस हेच. मग नऊ दिवस.
पानाच्या इतिहासात आम्हा दोघांचीच रांग,
अधिक एकतीस, उणे एकतीस, अधिक एकतीस.

संदर्भ हवा ना? साहेबांकडं उपाय होता.
मार्चच्या आत निधी संपवायचाच होता.
गुळगुळीत कागदावर सोळा पानी पुस्तिका,
मजकूर माझा, नाव खात्याचं,
पान सात : निसर्गरम्य.
तीच मी खाली लावली, तळटीप क्रमांक चार.
आता ते खरं आहे.
मी म्हटलं म्हणून नाही, छापलंय म्हणून.
छापलंय, मी म्हटलं म्हणून.

पाणकावळ्यानं चर्चेत विचारलं,
धुण्याचं वाक्य का काढलं?
मी लिहिलं, संदर्भ नाही.

संदर्भ आमच्या स्वयंपाकघरात बसून लसूण सोलतोय.
हौसाक्का, माझ्या बापाची थोरली बहीण.
बोटं सोड्यानं खाल्लेली, नखं मुळापासनं पिवळी.
कुठला दगड कुणाचा ते तिला विचारा,
लग्नाचा शालू कुठल्या कोपऱ्यात बुडवायचा,
मयताच्या घरची चादर कुठं.
गुडघाभर पाण्यात उभं राहून
अख्ख्या पेठेचे डाग तिला तोंडपाठ.
पण तिला पृष्ठ क्रमांक नाही.
साल विचारलं तर म्हणते,
थोरल्या पुराच्या आधी दोन वर्सं.

माझं आडनाव लग्नात बदललं.
ऑफिसात कुणी विचारलं नाही,
मीही सांगायला गेले नाही.

शुक्रवारी पडद्यावर लाल पट्टी :
या पत्त्यावरून संपादनास मनाई.
पत्ता सरकारी कचेरीचा दिसतो.
साहेब हसले. अगं घरनं कर, मोबाइलवरनं,
एका जागी उभं राहून कुणी कुस्ती मारलीय का?

रात्री घरनं केलं.
शेजारी हौसाक्का घोरत होती,
मोबाइलचा उजेड तिच्या हातावर.
धुण्याचं वाक्य लिहायला घेतलं.
पगार एकोणीस हजार. पुसलं.
लिहिलं. तिनं कूस बदलली. पुसलं.
शेवटी एवढंच केलं,
माझ्याच निसर्गरम्यच्या डोक्यावर,
बारीक अक्षरात, कंसात :
संदर्भ हवा.

सकाळी साहेब चिडलेले,
हा पाणकावळा काय ऐकंना!
मी म्हटलं, न्हाई ऐकत.
आणि चहा सांगायला उठले.

तो पहाटे साडेचारला येऊन गेला होता.
काही काढलं नव्हतं, काही घातलं नव्हतं.
माझा एक स्वल्पविराम तेवढा
सरळ करून ठेवला होता.